आमची वाटचाल : गढूळ पाण्यातले मोठे ल्यूर

सुरुवातीला आम्ही बोटाएवढे लाकडी ल्यूर, म्हणजे मासा गळाला लावायची खोटी आमिषं, करायचो, नितळ पाण्यासाठी, खवला न् खवला रंगवलेले. ते बरे खपायचे. पण पूर येऊन गेला की गिऱ्हाइकांचा प्रश्न ठरलेला: गढूळ पाण्यात काय लावू? त्या प्रश्नाच्या मागे लागता लागता आमचा सगळा माल मोठ्या ल्यूरकडे वळला.

चिखलाच्या पाण्यात माशाची नजर फार लांब पोचत नाही. अंगाच्या दोन्ही बाजूंना असलेली पार्श्वरेषा मात्र पाण्यातली हालचाल टिपत असते. म्हणून ल्यूरने पाणी ढकललं पाहिजे. नुसत्या लांबीवर जाऊ नका, जाडी बघा. पंधरा सेंटिमीटरचा सडपातळ ल्यूर पाणी कापत निघून जातो; तेवढ्याच लांबीचा पोटाळ, रुंद डुलणारा ल्यूर रॉडच्या मुठीपर्यंत धडधड पोचवतो. काही ल्यूरना लावतात त्या फिरत्या पात्याचंही तसंच. गोल, खोलगट कोलोरॅडो पातं पाणी ढवळतं. लांबट विलो पातं चमकतं छान, पण गढुळात चमक बघणार कोण?

वर्कशॉपमध्ये आमची एक टाकी आहे. तिच्यात माती कालवायची आणि पांढरी तबकडी दोरीने खाली सोडायची. ती दिसेनाशी होते ती खोली मोजायची. ही रीत सेक्की नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाची, 1865 सालची. तबकडी हातभर खाली दिसत असेल तर रंगाचा विचार करा. वीतभरातच गडप झाली तर भिस्त थरथरीवर आणि आवाजावर.

रंगांत आम्ही दोनच बाजूंना जातो: झगझगीत पोपटी-पिवळा, नाहीतर ठार काळा. फ्लुरोसंट रंग निळा प्रकाश घेऊन उजळतो आणि गढुळात नेमका तोच लवकर संपतो, त्यामुळे पोपटी वरच्या थरातच कामाचा. काळा ल्यूर खालून बघणाऱ्या माशाला आभाळावर ठसठशीत दिसतो. फक्त दुकानातल्या काचेमागे तो कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, हे धंद्याचं दुखणं आहे.

ल्यूरच्या पोटात आवाजासाठी भरलेल्या छर्‍यांवरून आमच्यात अजून खटके उडतात. बारीक छर्रे चुरचुरतात, एकच मोठी गोळी ठक्‌ठक्‌ करते. मी ठक्‌ठक्‌वाल्यांच्या बाजूचा.

मधल्या काळात लाकूड गेलं, रेझिन आलं, साचे आले, वजन सारखं येऊ लागलं. डबीवर ते ग्रॅममध्ये छापतो, कारण साठ ग्रॅमचा ल्यूर हलक्या रॉडवर लावला की फेकताना टोक मोडायची भीती. आणि ल्यूर ओढायचा सावकाश, एका लयीत. उगाच झटके दिले की मासा नेम धरेपर्यंत ल्यूर भलतीकडे गेलेला असतो.

सध्या आणखी मोठ्या पात्याचा नमुना टाकीत आहे. जोरात ओढला की तो एका कुशीवर कलतो. पोटातलं वजन आणखी खाली न्यायचं काम चालू आहे.