ताईपेक्षा धाकटी जमीन

सहावीत असताना मी ताईच्या वहीवर दूध सांडलं. ती तेव्हा भूशास्त्रात एम.एस्सी. करत होती आणि नेमक्या त्या पानावर तिने एक दीपगृह काढलं होतं, खालचा मजला राखेत गाडला गेलेलं. "फायालचं आहे ते, गाढवे!" म्हणत तिने पाठीत धपाटा घातला. ते दीपगृह प्रत्यक्ष बघायला आम्हाला चाळीसहून जास्त वर्षं लागली. मध्ये दोघींच्या नोकऱ्या, दोघींची लग्नं, आईचं आजारपण आणि शेवटी एक शेंगेन व्हिसा.

फायाल हे अझोरेस द्वीपसमूहातलं एक बेट. पोर्तुगालचं, पण लिस्बनहून पश्चिमेला अडीच-तीन तासांचं विमान, खाली नुसता अटलांटिक. लोकसंख्या जेमतेम चौदा हजार, म्हणजे आमच्या कोथरूडच्या चार गल्ल्या. माझी बॅग लिस्बनलाच राहिली ती तिसऱ्या दिवशी आली. तोवर मी ताईचे कुडते घालून हिंडले. ती माझ्यापेक्षा वीतभर उंच, त्यामुळे ओर्ता गावात मी कोणत्यातरी पंथाची साध्वी वाटत असणार.

ओर्तात पाऊल ठेवल्या ठेवल्या ताई एका कुंपणाच्या भिंतीपाशी थांबली आणि दगडावरून हात फिरवायला लागली. काळा दगड, अंगभर बारीक भोकं. मला तो टाकी लावून आणलेल्या पाट्यासारखा दिसला. "तोच गं, बेसाल्ट," ती म्हणाली. "आपल्या पाताळेश्वराचा भाऊबंद. फक्त हा कालचा पोरगा." पुणं ज्या लाव्ह्यावर बसलंय तो साडेसहा कोटी वर्षांचा. ताईने तीस वर्षं तोच शिकवला, मुलांना सिंहगडावर नेऊन नेऊन. भट्टी थंड झाल्यावर तपासायला जाणाऱ्या इंजिनिअरसारखं आयुष्य काढलं, असं ती स्वतःच म्हणते.

पण हे गाव जगतं ते शिडांवर. कॅरिबियनकडून युरोपला निघालेली शिडाची नाव सरळ पूर्वेला जाऊ शकत नाही, कारण तिकडे व्यापारी वारे तोंडावर येतात. म्हणून ती आधी उत्तरेला चढते, पश्चिमेचे वारे गाठते आणि त्यांच्याबरोबर येता येता वाटेत अझोरेस लागतात. बर्म्युडापासून ओर्ता साधारण अठराशे सागरी मैल. मे-जूनमध्ये धक्क्याला नावा एकीला एक चिकटून उभ्या असतात, लक्ष्मी रोडला दिवाळीत दुचाक्या लावतात तशा. एकटाच नावेतून पृथ्वीप्रदक्षिणा करणारा पहिला माणूस, जोशुआ स्लोकम, १८९५ च्या जुलैत इथेच थांबला होता. इथून निघताना मिळालेली आलुबुखारं आणि शेजारच्या पिको बेटाचं पांढरं चीज त्याने भर समुद्रात मनसोक्त खाल्लं आणि पोटात असा मुरडा आला की तो बेशुद्धच पडला. आपले दिलीप दोंदे २०१० मध्ये अशी प्रदक्षिणा पूर्ण करणारे पहिले भारतीय झाले. त्यांच्या फराळात आलुबुखारं नसावीत अशी आशा.

धक्क्याच्या भिंती आणि फरशी, इंच इंच, चित्रांनी भरलेली आहे. इथून पुढे निघण्याआधी नावेचं नाव, वर्ष आणि काहीतरी चित्र काढायचं, नाही काढलं तर प्रवासात विघ्न येतं, अशी श्रद्धा. एक फ्रेंच जोडपं गुडघे टेकून रंगवत बसलं होतं. एकोणीस दिवस समुद्रावर काढून आले होते, ओठ फुटलेले, माणसांशी बोलायला आसुसलेले. आधी गोड्या पाण्याने धुवायचं, वाळवायचं, मग पांढरा हात मारायचा, नाहीतर खारामुळे रंग पोपडे धरतो, हे त्या बाईने आम्हाला इतक्या आस्थेने समजावलं की आम्हीही उद्या नांगर उचलणार आहोत असं मला वाटायला लागलं. ताईने खोचक विचारलं, यावर खरंच विश्वास आहे का? नवरा म्हणाला, नाही, पण परीक्षा घ्यायची माझी हिंमत नाही. नारळी पौर्णिमेला आपले कोळी बांधव समुद्राला नारळ देतात त्याचीच ही गोरी चुलत बहीण. मी दोन फेऱ्या मारून देवनागरी अक्षर शोधलं. दिसलं नाही.

संध्याकाळी मात्र मी जे बघितलं त्यासाठी पुन्हा एकदा बॅग हरवायला तयार आहे. व्हेलची शिकार इथे १९८० च्या दशकात बंद झाली, पण तिच्या होड्या जिवंत आहेत आणि आता त्या शर्यतीत धावतात. अकरा-साडेअकरा मीटर लांब, दोन्ही टोकं निमुळती, अंगाने इतकी सडपातळ की लाटेवर ठेवलेली शेंगच. आत सात जण. त्या दिवशी सरावाला तीन होड्या होत्या. तांडेल मागे सुकाणूवर, बाकीचे सहा वाऱ्याच्या बाजूच्या काठावर पाठीमागे झुकून जवळजवळ आडवे, केस पाण्याला टेकताहेत. वारा फिरला. तांडेल एकच शब्द ओरडला आणि सहाही जण शिडाखालून सरपटत पलीकडच्या काठावर. आडवी काठी त्यांच्या डोक्यावरून गेली तेव्हा मी डोळे मिटले. उघडले तर होडी वळलेली, शीड टम्म फुगलेलं. त्यांच्यातली एक मुलगी दहावीतली असावी. आमचं नौकानयन म्हणजे खडकवासल्याला भाजलेलं कणीस खात एनडीएची शिडं लांबून बघणं. समोर आठ किलोमीटरवरच्या पिको बेटाचा २३५१ मीटरचा ज्वालामुखी ढगाची टोपी घालून हे सगळं बघत होता.

जेवणाचे हाल होतील म्हणून ताईने मेतकूट आणलं होतं. पण घरमालकीणबाईंनी पहिल्याच रात्री ताटात उकडलेली अळकुडी ठेवली! इकडे तिला इन्यामी म्हणतात आणि सॉसेजबरोबर खातात. आम्ही सॉसेज परत करून तूप मागितलं, लोणी मिळालं.

याच बाईंकडून मला त्या दीपगृहाची गोष्ट कळली, पुस्तकाबाहेरची. त्यांची आई कुठल्याही घटनेचं वर्ष सांगायची नाही. लग्न ज्वालामुखीच्या आधी, मोठी बहीण ज्वालामुखीच्या वर्षी, भाऊ अमेरिकेला गेला तो ज्वालामुखीनंतर. ताई आणि मी एकमेकींकडे बघितलं. आमच्या आईचं "पानशेत" होतं. १२ जुलै १९६१ ला धरण फुटलं तेव्हा ताई चार वर्षांची होती, आजोबांनी तिला खांद्यावर घेऊन पर्वती गाठली. वाड्याच्या जिन्यावर पाण्याची रेघ होती, ती आई कुणाला पुसू द्यायची नाही. ताईने हे सगळं इंग्रजीत सांगितलं. बाई काही बोलल्या नाहीत, फक्त आणखी एक अळकुडी वाढली.

तर, सप्टेंबर १९५७. व्हेलचे फवारे शोधायला कड्यावर बसलेल्या टेहळ्यांना त्या दीपगृहाजवळ, कापेलिन्योसच्या टोकासमोर समुद्र उकळताना दिसला. तो उद्रेक तेरा महिने चालला, ऑक्टोबर १९५८ पर्यंत, आणि समुद्रातून नवी जमीन वर आली. जीवितहानी झाली नाही, पण राखेने छपरं बसली, शेतं गेली. अमेरिकेने १९५८ मध्ये खास कायदा करून १,५०० व्हिसा दिले. तो पुढे रेटणाऱ्यांत सिनेटर जॉन केनेडी होते. बाईंचा मामा त्यातूनच मॅसॅच्युसेट्सला गेला.

दुसऱ्या दिवशी टॅक्सीने गेलो. वाटेत दुतर्फा निळ्या हायड्रेंजियाची कुंपणं, मग एका वळणानंतर रंगच संपले. करडं, विटकरी, काळं. दीपगृह उभं आहे, खालचा मजला अजून राखेत. त्याच्या पायाशी जमिनीखाली संग्रहालय केलंय, उत्तम आहे, पण ताई आत थांबेना. मी एकटी दीपगृहाच्या पायऱ्या चढले आणि वरून तिला शोधलं. गुडघ्यांची तक्रार करणारी बाई खाली राखेतून थेट समुद्राच्या दिशेने निघाली होती.

मी पोचले तेव्हा ती खाली बसून मूठभर राख हातातून सोडत होती. "मी जूनची. ही सप्टेंबरची," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा तीन महिन्यांनी धाकटी आहे गं ही जमीन."

"आणि कितीशी उरलीय?"

"दोन चौरस किलोमीटरच्या वर आली होती. निम्म्याहून जास्त समुद्राने परत नेली."

"मग तू बरी टिकलीस."

तिने उत्तर दिलं नाही. वर टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. ताईने डावा बूट काढला, उलटा केला, राख झटकली. उजवा तसाच ठेवला. "पाच मिनिटं म्हणावं त्याला," ती म्हणाली, आणि पुन्हा समुद्राकडे तोंड करून बसली.