पाच हजार मीटर, अण्णा आणि सायकल

आमच्या ग्राउंडवर भेटल्याबरोबर पहिला प्रश्न, "आज किती किलोमीटर मारले?" आकडा मोठा असला की मान. भरतीची पोरं असोत की आम्ही कॉलेजच्या मुली, सगळे रोज एकाच वेगात, दम लागेपर्यंत. पाच हजार मीटरला माझं टायमिंग २१ मिनिटं ४० सेकंदांवर अडकलं होतं, म्हणजे चारशेच्या एका राऊंडला १०४ सेकंद. किलोमीटर वाढवावेत तर वेळ कुठून आणायचा? गाव अंबाजोगाईपासून आत, अंधारात एकटीनं पळायला घरून परवानगी नाही, आणि उन्हाळ्यात आठनंतर रस्त्यावर उभं राहवत नाही. वडील, म्हणजे अण्णा, सोबत येतील तेवढंच पळणं.

कॉलेजच्या सरांनी आठवडाच नव्यानं मांडून दिला. मंगळवारी इंटरव्हल, म्हणजे वेगाचे तुकडे आणि मध्ये हलकं पळणं, शुक्रवारी टेम्पो, म्हणजे सलग जोरात पण आटोक्यातलं पळणं, नाहीतर मुकुंदराजाच्या समाधीकडचा चढ, रविवारी लाँग रन, सोमवारी आराम, उरलेले दिवस सावकाश.

सावकाश म्हणजे किलोमीटरला सहा मिनिटं. सगळ्यात अवघड हेच गेलं. सरांचा नियम एकच, पळता पळता पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे. अण्णा आधी मोटारसायकलवर यायचे, पण एवढ्या कमी वेगात गाडी पहिल्या गिअरवर गुरगुरायची आणि तापायची. मग त्यांनी धाकट्या भावाची सायकल काढली. सोयाबीनचा भाव, विहिरीवरची जळालेली मोटर, आत्याच्या घरचं लग्न, सगळं रस्त्यावर बोलून व्हायचं. माझं वाक्य मध्येच तुटलं की अण्णा म्हणायचे, "माय, दमानं घे." भरतीची पोरं शेजारून सुसाट जाताना विचारायची, "ताई, फिरायला निघालाव का?" राग यायचा. पण बोलायला दम राखायचा असल्यानं उत्तर देता यायचं, हाही एक फायदा!

सावकाश पळण्यानं स्नायूंतल्या केशवाहिन्या, म्हणजे अगदी बारीक रक्तवाहिन्या, आणि पेशीत ऊर्जा तयार करणारे मायटोकाँड्रिया वाढतात, हे सरांनी फळ्यावर काढून समजावलं. मला पटलं ते वेगळ्याच कारणानं. मंगळवारी पिंडऱ्या भरलेल्या नसायच्या.

मंगळवारी चुन्याच्या रेघा मारलेल्या मैदानावर हजार-हजारचे पाच, प्रत्येकी चार मिनिटं पाच सेकंदांत, मध्ये चारशे मीटर हलकं जॉगिंग. पहिला हजार ३:५० ला आणला तर सर शाबासकी देत नसत, वही मिटायचे. पाचवा पहिल्याइतकाच आला पाहिजे, हा त्यांचा हट्ट. अशा वेगाच्या सरावाला क्वालिटी म्हणतात, आणि क्वालिटी म्हणजे जीव तोडून पळणं असं आमच्याकडे समजतात. त्या मैदानावर तिचा अर्थ ठरलेला वेग चुकू न देणं एवढाच होता.

पावसाळ्यात काळ्या मातीनं हिशोब बिघडवला. शेतरस्त्यावर चार पावलं टाकली की बूट उचलत नाही, आणि डांबरी रस्त्यावर ट्रक. सावकाश पळणं आणि लाँग रन जवळपास बंद पडले. मंगळवार-शुक्रवार तेवढे सुटले नाहीत. आधी अंग हलकं झालं, टायमिंग चक्क सुधारलं. मैत्रिणी म्हणाल्या, "बघ, कमी पळूनच भागतंय." पण नंतर चौथ्या हजारापासून पाय सुटेनात, मधलं जॉगिंग संपलं तरी श्वास ताळ्यावर येईना. क्वालिटी काही आठवडे एकटी चालली, मग बसली. मैदान वाळल्यावर सरांनी इंटरव्हल पाचाचे चार केले आणि सावकाश पळणं परत सुरू केलं.

फक्त आठशे मीटर पळणाऱ्यांना लांब पळून काय करायचं, हा वाद भरतीच्या मुलींत कायमचा. सर तिथं पीटर स्नेलचं नाव काढतात. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये आठशेचं सुवर्ण जिंकणारा हा न्यूझीलंडचा धावपटू प्रशिक्षक आर्थर लिडिअर्डच्या हाताखाली पायाभरणीच्या काळात आठवड्याला सुमारे १६० किलोमीटर पळायचा. आमच्या बीड जिल्ह्यात मात्र उदाहरण एकच, आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे. लहानपणी सहा किलोमीटर शाळेत चालत-पळत गेला म्हणून चॅम्पियन झाला, असं कुणीही सांगतं. मला हे अर्धंच पटतं. तशी शाळा तर आमच्याकडच्या कितीतरी पोरांनी केली. २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमधल्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीतल्या, ८:०९.९१ या वेळेमागे सैन्यात गेल्यावरची वर्षानुवर्षांची आखीव तयारी आहे, ती कुणी सांगत नाही.

आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत पहिले दोन राऊंड मुली भसाभस पुढं गेल्या. मी ९८ सेकंदांवर राहिले. आठव्या राऊंडपासून एकेक जण मागं पडत गेली. २० मिनिटं २५ सेकंद, चौथा नंबर. पदक नाही, पण पूर्वीच्या टायमिंगपेक्षा सव्वा मिनिट कमी.

आता वीसच्या आत यायचं आहे. सरांनी इंटरव्हलला हात लावायचा नाही म्हणून सांगितलंय. वाढेल ते सावकाश पळणं, आणि रविवारचे बारा किलोमीटर हळूहळू सोळावर न्यायचे. शुक्रवारचा टेम्पोही त्यांना वीस मिनिटांचाच ठेवायचाय. मला पंचवीसचा पाहिजे. यावर आमचं अजून जमलेलं नाही.