तुम्ही विचारलेत म्हणून : बदलाची तयारी आणि तिमाही पास

कार्यालयात मोठा बदल होणार असेल तर कर्मचाऱ्यांची मानसिक तयारी कशी करून घ्यावी, असे मला व्यवस्थापनातील मंडळी वारंवार विचारतात. मुंबईतील कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागांत बावीस वर्षे काम केल्यानंतरही माझे उत्तर त्यांना बहुधा अपुरे वाटते, कारण मी मनाविषयी बोलण्याऐवजी रेल्वेचा पास, घरभाड्याचा करार आणि मुलांची शाळा यांविषयी बोलू लागते.

मी पूर्वी ज्या कंपनीत होते, तिने फोर्टमधील कार्यालय ऐरोलीला हलवले. घोषणा जुलैच्या पहिल्या आठवड्यात झाली आणि सप्टेंबरपासून सर्वांनी नव्या जागी, दहाऐवजी साडेनऊला, हजर व्हायचे होते. सभेत आम्ही नव्या इमारतीची छायाचित्रे आणि उपाहारगृहाचा आराखडा दाखवला. कुणीही प्रश्न विचारला नाही आणि त्या शांततेला आम्ही संमती समजलो. दुसऱ्या दिवशी लेखा विभागातील एक सहकारी माझ्याकडे आल्या. त्या विरारच्या. चर्चगेटपर्यंत एका गाडीत होणारा त्यांचा प्रवास आता दादरला गाडी बदलून ठाणे आणि तिथे पुन्हा गाडी बदलून ऐरोली असा होणार होता. त्या म्हणाल्या, "मॅडम, तिमाही पास चार दिवसांपूर्वीच काढला. घराचा अकरा महिन्यांचा करार मे महिन्यात नवा केला आणि जूनमध्ये मुलीची शाळा सुरू झाली. हे तुम्ही एप्रिलमध्ये सांगितले असते, तर आम्ही ठाण्याला घर पाहिले असते." जागेचा निर्णय फेब्रुवारीतच झाला होता आणि तो मला ठाऊक होता. सर्व तपशील पक्के होईपर्यंत बोलू नये, या मताची मीही होते. ती माझी चूक होती आणि तिची किंमत त्यांनी मोजली. सप्टेंबर संपण्यापूर्वी त्यांनी राजीनामा दिला.

त्याच विभागातील डोंबिवलीच्या सहकाऱ्याचा प्रवास मात्र या बदलाने कमी झाला आणि तो पहिल्या दिवसापासून उत्साहात होता. आमच्या अहवालात एकासमोर 'सकारात्मक' आणि दुसरीसमोर 'बदलास प्रतिकूल' असे शेरे पडले. ते शेरे स्वभावाचे म्हणून लिहिले गेले होते; प्रत्यक्षात ती दोन माणसे रेल्वेच्या नकाशावर कुठे राहतात, एवढेच त्यांतून कळत होते.

कायदा अशा वेळी एक किमान मर्यादा घालून देतो. कामाच्या वेळेसारख्या सेवाशर्तींत बदल करायचा असेल तर कामगारांना आधी सूचना द्यावी लागते आणि त्यानंतर 21 दिवसांच्या आत तो बदल लागू करता येत नाही. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यातील कलम 9अ मधील ही मुदत 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. पण या शहरात 21 दिवसांत घर बदलता येत नाही, मुलाला दुसऱ्या शाळेत घालता येत नाही आणि विश्वासाचे पाळणाघर तर मुळीच सापडत नाही.

म्हणून आता मी आधी कर्मचाऱ्यांच्या पत्त्यांचे पिनकोड काढून पाहते आणि बदलाचा भार कुणावर किती पडणार, हे घोषणेच्या कितीतरी आधी मांडून ठेवते. तारीख पक्की नसली तरी 'दिवाळीपूर्वी नाही, मार्चनंतर नाही' एवढे सांगता येते आणि तेवढ्यावर माणसे करार लांबवायचा की नाही ते ठरवू शकतात. विभागप्रमुखांना आठवडाभर आधी सगळे सांगते, कारण सभा संपल्यावर लोक संचालकांकडे जात नाहीत, रोजच्या साहेबांकडे जातात. त्या साहेबांनाच काही माहीत नसेल तर उरलेली माहिती चहाच्या टपरीवर तयार होते. नव्या संगणक प्रणालीचे प्रशिक्षणही मी ती सुरू होण्याच्या आठवड्यातच ठेवते, महिनाअखेरीच्या हिशेबांचे दिवस टाळून.

पूर्वतयारीचा हा प्रश्न माझ्याकडे बहुतेकदा घोषणेच्या पंधरा दिवस आधी येतो. तेव्हा सभेचे भाषण सुधारून देण्यापलीकडे माझ्या हाती फारसे उरत नाही. तारीख ठरवणाऱ्या बैठकीत मला बोलवा. पिनकोडची यादी घेऊन मी येईन.