काळा समुद्र, पांढरा समुद्र आणि काचेतला समुद्र

रत्नागिरी शहराला एक काळा समुद्र आहे आणि एक पांढरा. रत्नदुर्गाच्या दक्षिणेला मांडवीचा काळा आणि उत्तरेला मिऱ्याच्या अंगाचा पांढरा. पाणी अर्थातच दोन्हीकडे एकच. फरक आहे तो वाळूचा. रत्नागिरीच्या किनारपट्टीवर इल्मेनाइट नावाचे जड, काळे खनिज सापडते आणि लाटा वाळूची प्रतवारी करताना जड कण एकीकडे, हलके दुसरीकडे टाकत असतात. छायाचित्रे काढायला शिकणाऱ्याने सुरुवात या गावातच करावी असे माझे मत आहे, कारण कॅमेऱ्याची सगळ्यांत जुनी खोड इथे एका दुपारी उघडी पडते.

कॅमेऱ्यातला प्रकाशमापक असे धरून चालतो की समोरचे जग सरासरीने मध्यम करडे आहे, म्हणजे पडलेल्या उजेडापैकी सुमारे १८ टक्के परत पाठवणारे. लग्नाच्या मांडवात किंवा बाजारपेठेत हे गृहीतक बऱ्यापैकी चालून जाते. पांढऱ्या वाळूवर मात्र कॅमेरा एवढ्या उजेडाने बिचकतो, चित्र गडद करतो आणि वाळूची राख होते. उलट मांडवीला काळ्या वाळूला उजळण्याच्या नादात तो तिला धुरकट करून ठेवतो. म्हणून पांढऱ्या समुद्रावर एक्स्पोजर, म्हणजे कॅमेऱ्यात शिरणारा उजेड, एका टप्प्याने (स्टॉपने) वाढवावे आणि काळ्यावर तेवढेच कमी करावे. मोबाईलवर पडद्याला बोट लावले की सूर्याचे छोटे चिन्ह येते. ते वर-खाली सरकवणे म्हणजे हेच. उजेड जास्त असताना चित्र आणखी उजळ करायचे, हे ऐकायला उफराटे वाटते, पण वाळू पांढरी आहे ही गोष्ट आपल्याला ठाऊक असते, यंत्राला नसते.

किनाऱ्यावर केव्हा जावे, या प्रश्नाला सर्वत्र ‘सूर्यास्ताला’ असे एकच उत्तर मिळते. ते अपुरे आहे. सूर्यास्त रोज होतो. त्या वेळी पाणी कुठे असेल हे मात्र तिथीवर ठरते. भरतीची वेळ काढण्याचा कोकणातला जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची. अष्टमीला सहाच्या सुमारास भरती, द्वितीयेला दीडच्या सुमारास, आणि बंदरानुसार त्यात थोडे मागेपुढे. याच हिशेबाने अमावास्येला आणि पौर्णिमेला पूर्ण भरती मध्यान्हीच्या आसपास येते आणि पूर्ण ओहोटी संध्याकाळी. शिवाय ते उधाणाचे दिवस असल्याने पाणी नेहमीपेक्षा खूप आत जाते आणि मावळतीच्या उजेडात ओल्या वाळूचा रुंद पट्टा आरशासारखा उघडा पडतो. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे पाण्याचा चढउतार कमी असतो तेव्हा, त्याच वेळी पाणी वर चढलेले असते आणि आरसा बुडालेला असतो. कॅमेऱ्याची माहितीपुस्तिका वाचण्याआधी भिंतीवरचे पंचांग पाहावे असे मी म्हणतो, तेव्हा लोक हसतात, हसोत बापडे.

त्या आरशात आकाश पकडायचे तर कॅमेरा घोट्याच्या उंचीपर्यंत खाली न्यावा, कारण नजर जितकी जमिनीलगत, तितके प्रतिबिंब ठळक. भिंगावर ध्रुवणकारी फिल्टर असेल तर तो या वेळी काढून ठेवावा. सकाळी पाण्यावरची चकाकी हटवून खालचा हिरवा रंग दाखवणारा हा फिल्टर संध्याकाळी आपल्याला हवे असलेले प्रतिबिंबही निमूटपणे पुसून टाकू शकतो. आपला किनारा पश्चिमाभिमुख असल्याने सायंकाळी समुद्राकडे पाठ करून उभ्या राहिलेल्या माणसांचे चेहरे काळवंडतात. चेहरे हवे असतील तर सकाळी यावे, तेव्हा ऊन जमिनीच्या बाजूने येते आणि लाटांवर समोरून पडते. लाट गोठवायची असेल तर शटरला सेकंदाचा हजारावा भाग पुरे. परतणाऱ्या पाण्याच्या रेघा हव्या असतील तर पाव सेकंद आणि तिपाई लागते. मात्र ओल्या वाळूत प्रत्येक लाटेबरोबर तिपाईचे पाय थोडे आणखी रुततात, म्हणून ती आधीच दाबून बसवावी.

झाडगावच्या मत्स्यालयात शिरले की सगळे नियम उलटे होतात. कोकण कृषी विद्यापीठाच्या सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्राचे हे मत्स्यालय आणि संग्रहालय देवमाशाच्या अवाढव्य सांगाड्यासाठी प्रसिद्ध आहे. तो सांगाडा एका चौकटीत मावत नाही आणि मावला तरी शेजारी माणूस उभा केल्याशिवाय त्याचा आकार कळत नाही. टाक्यांपाशी खरी अडचण काचेची असते. फ्लॅश मारला की काच तो जशाच्या तसा परत करते, आणि पापण्या नसलेल्या माशाला डोळे मिटून घेण्याची सोयही नसते. तेव्हा फ्लॅश बंदच ठेवावा. भिंग काचेला अगदी टेकवून, सरळ काटकोनात धरावे. तिरपे धरले की मासा ताणला जातो आणि त्याच्या कडेला रंगीत झालर येते. पाण्याचा अपवर्तनांक सुमारे १.३३ असल्यामुळे मासा खऱ्या अंतराच्या पाऊणपट अंतरावर दिसतो. योगायोगाने हिशेब इथेही पाऊणचाच. कॅमेरा त्या दिसणाऱ्या अंतरावरच फोकस करतो, त्यामुळे आकडेमोड करावी लागत नाही, पण काचेवरचे ओरखडे आणि बोटांचे ठसे मात्र त्याला माशांहून अधिक आकर्षक वाटतात.

माशाच्या मागे कॅमेरा फिरवत राहणे हा वेळेचा अपव्यय आहे. बंद टाकीतला मासा बहुधा ठरावीक वाटेने फिरतो आणि कोपऱ्यावर वळताना क्षणभर मंदावतो. त्या कोपऱ्यावर आधीच फोकस लावून थांबावे आणि आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत निःसंकोच वाढवावा. चित्रात थोडे दाणे आलेले चालतात, हललेला मासा चालत नाही. सुटीच्या दिवशी टाकीसमोर मुलांची भिंत उभी राहते आणि काचेपर्यंत पोहोचताच येत नाही. अशा वेळी मी चार पावले मागे सरकतो आणि टाकीतल्या उजेडावर एक्स्पोजर बांधतो. मुले नुसत्या काळ्या आकृत्या होतात, कुणाची वेणी, कुणाची काचेला लावलेली पसरट बोटे, आणि सांगायला हरकत नाही, माझ्याकडे मत्स्यालयाची जी बरी चित्रे आहेत त्यांतल्या बहुतेकांत मासा शोधावाच लागतो.