सावर, पळस आणि वहीतील दोन रकाने

फाल्गुन वद्य अमावास्येला, म्हणजे २९ मार्च २०२५ रोजी, माझ्या ऋतुनोंदीच्या वहीतील तिसरा फाल्गुन पुरा झाला. कोथरूडमधील आमच्या इमारतीपासून वेताळ टेकडीपर्यंतच्या वाटेवर ठरवून घेतलेल्या नऊ झाडांचा हा हजेरीपट आहे. पालवी, कळ्या, फुले आणि फळे या चार बाबी दर रविवारी सकाळी पाहायच्या आणि प्रत्येकीपुढे ‘नाही’, ‘थोडे’ किंवा ‘पुष्कळ’ एवढेच लिहायचे. झाडाच्या एक तृतीयांशाहून कमी भागावर असेल तर थोडे, अधिक असेल तर पुष्कळ. ही रीत मी सीझनवॉच या देशव्यापी लोकसहभागी उपक्रमावरून उचलली. फुले मोजत बसण्याच्या नादापायी पहिल्याच महिन्यात बंद पडलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत, त्यामुळे हा ढोबळपणा मला गुणच वाटतो.

यंदा सांगण्यासारखे मुख्य आहे ते माझ्याच एका चुकीविषयी. नऊ झाडांपैकी सावर आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसते. त्यामुळे तिच्यासाठी रविवारची वाट पाहावी लागत नाही आणि पहिले फूल उमलल्याचा दिवस नेमका हाती लागतो. वही सुरू केली तेव्हा मी त्या दिवसाची केवळ तिथी लिहीत असे. याला कारण दुर्गा भागवत. त्यांचे ‘ऋतुचक्र’ १९५६ साली प्रसिद्ध झाले. त्यात चैत्रापासून फाल्गुनापर्यंत एकेका महिन्यावर एकेक लेख आहे, आणि महिना लागला की त्या महिन्याचा लेख वाचायचा हा माझा कित्येक वर्षांचा नेम आहे. ज्या पुस्तकाची सुरुवात ‘वसंतहृदय चैत्र’ अशा शीर्षकाने होते, त्याच्या शेजारी ठेवायच्या वहीत जानेवारी-फेब्रुवारी लिहिणे मला रुक्ष वाटले होते.

पहिल्या वर्षी सावरीचे पहिले फूल माघ शुद्ध अष्टमीला दिसले आणि दुसऱ्या वर्षी पौष वद्य अष्टमीला. म्हणजे झाड पंधरा तिथी अगोदर फुलले! टेकडीवर भेटेल त्याला मी हे सांगत सुटले, आणि सोबत हवामानबदलाविषयीची चार वाक्येही जोडत असे. अखेर रोज फिरायला येणाऱ्या एका तरुणाने, “काकू, पण तारीख कोणती होती?” एवढेच विचारले आणि मला उत्तर देता आले नाही. घरी येऊन दोन्ही वर्षांच्या जुन्या दिनदर्शिका काढल्या. पहिल्या वर्षीचा दिवस होता २९ जानेवारी २०२३ आणि दुसऱ्या वर्षीचा ३ फेब्रुवारी २०२४. जी सावर पंधरा दिवस लवकर फुलली म्हणून मी गावभर सांगितले, ती प्रत्यक्षात पाच दिवस उशिरा फुलली होती.

यातील गणित आपल्यापैकी अनेकांना ठाऊक असेल, तरी तिथीने नोंदी ठेवणाऱ्यांसाठी ते मांडते. चांद्र वर्ष सुमारे ३५४ दिवसांचे असते, त्यामुळे प्रत्येक तिथी दरवर्षी अकराएक दिवस मागे सरकते. हा फरक साठत गेला की अधिक मास येऊन त्याची भरपाई करतो आणि सगळे महिने एकदम पुढे ढकलले जातात. २०२३ साली श्रावण अधिक होता. म्हणून त्या वर्षी ६ मार्चला आलेली होळी पुढच्या वर्षी २४ मार्चला गेली आणि यंदा १३ मार्चला परत आली. झाडाला मात्र चंद्राशी काही कर्तव्य नसते. दिवसाची लांबी, तापमान आणि जमिनीतील ओल यांच्याशी त्याचा व्यवहार असतो, आणि त्यांपैकी एकही गोष्ट अधिक मास पाळत नाही. यंदापासून वहीत तिथी आणि तारीख असे दोन रकाने केले आहेत. यंदाचे पहिले फूल ३१ जानेवारीचे, माघ शुद्ध द्वितीयेचे आहे. तारखांच्या रकान्यात तिन्ही वर्षे सहा दिवसांच्या आत येतात, तर तिथींच्या रकान्यात ती अर्ध्या महिन्यावर पांगलेली दिसतात.

तारखांची शिस्त लावण्यास दुसरे एक पुस्तक उपयोगी पडले. पुण्याच्या तेव्हाच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राचार्य राहिलेले थिओडोर कुक यांची मुंबई इलाख्याची फ्लोरा, म्हणजे तिथल्या वनस्पतींची वर्णने देणारा ग्रंथ, १९०१ ते १९०८ या काळात भागाभागाने प्रसिद्ध झाली. झाड ओळखण्यापुरता तिचा वापर मी पूर्वीपासून करत होते. वर्णनात येणाऱ्या फुलोऱ्याच्या इंग्रजी महिन्यांकडे आता प्रथमच लक्ष देऊन पाहिले. त्या ग्रंथात रसिकतेला वाव नाही आणि तो गादीवर पडून वाचायचाही नाही. तरीही फाल्गुनभर दुर्गाबाई उशाशी आणि कुक टेबलावर अशी वाटणी झाली होती, आणि दोघांचे काम वेगळे आहे हे मला पटले आहे.

आता झाडांविषयी. पंचांगाच्या हिशेबाने फाल्गुन शिशिरात मोडतो आणि वसंत चैत्रापासून धरतात, परंतु आमच्या वाटेवर कोणी तेवढे थांबत नाही. वावळाच्या निष्पर्ण फांद्यांवर फिक्या हिरव्या चपट्या फळांचे घोस मार्चच्या पहिल्याच रविवारी ‘पुष्कळ’ झाले. महिनाअखेर ती वाळून वाऱ्यावर उडू लागली आणि इमारतीतील मुले ती सोलून आतले बी खाताना दिसली. पिंपळ दोन आहेत आणि दोघांचे कधीच जमत नाही. देवळाजवळचा तांबूस पालवीने भरला तेव्हा रस्त्यावरचा अजून जुनी पाने गाळत होता. करंज आणि शिरीष यांच्याविषयी यंदा विशेष काही नाही.

सावरीखाली मात्र मी बराच वेळ घालवला. तिचे फूल पाकळी पाकळी करून गळत नाही, आखेच्या आखे खाली येते आणि फरशीवर पडताना ‘पट्ट’ असा ओला आवाज होतो. हातात घेतले तर मांसल लाल पाकळ्या कातड्यासारख्या जाड लागतात आणि मधोमध पुंकेसरांची जुडगी असतात. सकाळी सात ते आठ या तासात साळुंक्या, बुलबुल, शिंजीर आणि एक दांडगी खार एवढे गिऱ्हाईक मी एकाच फांदीवर पाहिले. पळसमैनांचा थवा यंदा दोनदाच आला, आणि तो आला की बाकीच्यांना जागा उरत नाही.

पळसाची नोंद यंदा बिघडली. ‘पळसाला पाने तीनच’ हे खरे असले तरी फुलायच्या वेळी तीही नसतात, केवळ काळपट मखमली कळ्या आणि त्यांतून बाहेर पडलेले केशरी फूल. फेब्रुवारीत टेकडीच्या त्या अंगाला वणवा लागला आणि झाडाची पश्चिमेकडची बाजू होरपळली. पुढे पूर्वेकडच्या फांद्या भरून फुलल्या, पण नियमाप्रमाणे मला ‘थोडे’ लिहावे लागले. ऋतूचे काहीच चुकले नसताना वहीत मात्र पळस कमी फुलल्याचे दिसते. म्हणून दोन रकान्यांच्या पुढे आता शेऱ्यासाठी तिसरी जागा राखली आहे.

मार्चच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी सुरंगी पाहण्यासाठी वेंगुर्ल्याला जाऊन आले. स्वारगेटहून रात्रीची एसटी, कोल्हापूर आणि आजऱ्यावरून आंबोली घाट उतरून सकाळी सावंतवाडी, आणि तिथून पुढे लहान गाडी. ‘ऋतुचक्र’ पिशवीत घेतले होते, पण घाटाच्या वळणांवर वाचन सोडाच, डोळे उघडे ठेवणेही कठीण होते. आसोली परिसरात उतरल्यावर झाड दिसण्याआधी वास आला. सुरंगीची फुले जुन्या फांद्यांवरच दाटून येतात, त्यामुळे लांबून पाहिले तर फांद्यांना पिवळसर पांढरी लव फुटल्यासारखी वाटते, आणि जवळ गेल्यावर मधमाश्यांचा आवाज येऊ लागतो. फुले खुडण्याचे काम पहाटे उरकलेले असते. झाडाखाली कापडे अंथरली होती आणि ओसरीवर कळे वाळत पडले होते. हे वाळलेले कळे व्यापारी विकत घेतात. बाजाराच्या तोंडाशी बसलेल्या बाईने केळीच्या पानातला वळेसार, म्हणजे सुरंगीचा गजरा, पुढे करून “ताजो आसा, घेवन जावा” असे म्हटल्यावर दोन घेतले. त्यातली चार फुले फाल्गुनाच्या लेखात ठेवली. ती तपकिरी पडली आहेत, त्यांचा डागही पानावर उमटला आहे, पण वास अजून गेलेला नाही.

एका भेटीत पाहिलेले झाड वहीत धरायचे नाही, असा माझा नियम आहे. तरी बागेच्या मालकांना मी फुलोरा कधी सुरू होतो ते विचारले. “शिमग्याच्या आधी,” असे ते म्हणाले. दोन रकान्यांचे खूळ डोक्यात ताजे असल्याने मी लगेच म्हटले की, काका, गेल्या वर्षी तर शिमगा अठरा दिवस पुढे गेला होता, मग फुलेही पुढे गेली का? ते हसले. “शिमगो उशिरा इलो म्हणान फुला काय त्याची वाट बघतत?” असे म्हणून ते कळे पालटू लागले. मला ज्या गोष्टीसाठी दोन वर्षे आणि दोन दिनदर्शिका लागल्या, ती त्यांना सांगण्यासारखीही वाटत नव्हती.

ज्यांच्याकडे केवळ तिथीवार नोंदी आहेत त्यांनी त्या टाकून देऊ नयेत. त्या त्या वर्षाचे पंचांग घेऊन तारखा शेजारी लिहिल्या की वही पुन्हा उपयोगी होते. मी २०२३ आणि २०२४ ची पाने अशी दुरुस्त केली, त्याला तीन संध्याकाळी लागल्या. हे काम आताच करून ठेवलेले बरे, कारण २०२६ साली ज्येष्ठ अधिक आहे, म्हणजे २०२७ ची होळी पुन्हा २० मार्चनंतर येईल आणि केवळ तिथी पाहणाऱ्याला सावर पुन्हा एकदा ‘लवकर’ फुललेली दिसेल.

कालची शेवटची नोंद अशी आहे: सावर, फुले ‘नाही’, हिरवी बोंडे ‘थोडे’, तारीख २९ मार्च, तिथी फाल्गुन वद्य अमावास्या. शेऱ्याच्या जागी लिहिले आहे की वरच्या फांदीवर घारीने काटक्या आणायला सुरुवात केली आहे.