पौष वारीच्या वाटेवर: गावातले दोन सप्ताह आणि कुंभातली दोन स्नाने

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. आषाढी-कार्तिकीइतका तिचा बोलबाला राज्यभर नसला, तरी नाशिक, नगर, जळगाव या भागांतल्या वारकऱ्यांना ती घरची वारी वाटते आणि ऐन थंडीत शेकडो दिंड्या पायी त्र्यंबकची वाट धरतात. आमची दिंडी सिन्नर तालुक्यातून निघून नाशिकला मुक्काम करते आणि पुढे सातपूर, महिरावणी, अंजनेरीवरून त्र्यंबकला पोचते. यंदा टाळ हाती असतानाही माझे मन एका गोष्टीभोवती फिरत राहिले: श्रद्धा वेगळी म्हणून माणसे वैर धरतात, तेव्हा हातचे नेमके काय काय जाते?

आमच्या गावात ग्रामदेवीच्या जत्रेला नवसाचे बोकड कापण्याची जुनी रीत आहे. गावात माळकरी वाढले आणि देवीच्या पुढ्यात जीव घेऊ नये, असे त्यांनी ग्रामसभेत सांगितले. नवस बोललेल्या घरांचे म्हणणे असे, की आजोबा-पणजोबांनी दिलेला शब्द आम्ही कसा मोडायचा? दोन्ही बाजू आपापल्या जागी प्रामाणिक होत्या, हे मी दोन्हीकडे बसून ऐकलेले आहे. पुढे मात्र बोकडाचा प्रश्न बाजूला पडला आणि सप्ताहात विणा कोणी धरायची, पहिला नारळ कोणाचा, पत्रिकेवर नाव कोणाचे वर, यांवर भांडण पेटले. आता एकाच आठवड्यात गावात दोन सप्ताह बसतात आणि दोन्ही मांडवांचे भोंगे समोरासमोर बांधलेले असल्यामुळे कोणत्याच मांडवातले कीर्तन धड ऐकू येत नाही. गावकीची भांडीसुद्धा वाटून घेतली आहेत. मागच्या उन्हाळी हंगामात शिवारातली विजेची डीपी (रोहित्र) जळाली, तेव्हा दोन गटांची वर्गणी एकत्र होईना. कोणी कोणाच्या दारात जायचे यावर दिवस गेले आणि तेवढ्यात पोसायला आलेला कांदा पाण्यावाचून वाळला. ज्यांचा कांदा गेला त्यांत दोन्ही गटांचे शेतकरी होते.

दिंडीत डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या एका ताईंचे माहेर आणि सासर याच गावातले आहे. सासर माळकऱ्यांचे आणि भाऊ जत्रेच्या बाजूचा. सासऱ्यांच्या दशक्रियेला भाऊ आला खरा, पण घाटाच्या वरच उभा राहिला आणि कोणाशी न बोलता निघून गेला. सातपूर मागे पडल्यावर ताई मला म्हणाल्या, "दादा, बोकडाचं मला काही सांगू नका. माझ्या भावानं माझ्या घरचं पाणी घेतलं नाही, एवढं मला कळतं."

नाशिक आणि त्र्यंबक या दोन गावांमध्ये चालताना तर या विषयाचा इतिहासच पायाखाली असतो. सिंहस्थ कुंभमेळा एकच. पण वैष्णव आखाडे नाशिकला रामकुंडावर स्नान करतात आणि त्यांचे साधुग्राम तपोवनात वसते, तर शैव आखाडे त्र्यंबकला कुशावर्तावर स्नान करतात. याच्या मुळाशी पेशवाईतला रक्तपात आहे. पहिल्या स्नानाचा मान कोणाचा, यावरून शैव गोसावी आणि वैष्णव बैरागी यांनी एकमेकांवर शस्त्रे चालवली, प्रकरण पेशव्यांपर्यंत गेले आणि अखेर दोघांची स्नानाची ठिकाणे वेगळी झाली. हरिद्वारच्या कुंभातही १७६० मध्ये याच दोन पंथांत मोठी लढाई झालेली आहे. शिव श्रेष्ठ की विष्णू, यावर ग्रंथांमधून कितीही वाद झाले असले, तरी घाटावर माणसे मेली ती रांगेत पुढे कोण, एवढ्यासाठी. ठिकाणे वेगळी केल्याने मारामारी थांबली आणि त्या काळी तेवढेच शक्य असेल, हे मला मान्य आहे. पण त्या निवाड्याने एकत्र नांदता आले, असे मी म्हणणार नाही.

अंजनेरीचा डोंगर डावीकडे दिसू लागला, तेव्हा दिंडीतल्या तरुण मुलांनी २०२२ च्या मे महिन्यातली गोष्ट काढली. हनुमंताचा जन्म अंजनेरीला झाला, ही आमच्याकडची श्रद्धा, आणि कर्नाटकातल्या किष्किंधेला झाला, ही तिकडची. निर्णयासाठी नाशिक रोडला धर्मसभा भरली. पण शास्त्रार्थाला तोंड फुटण्याआधीच कोणाचे आसन उंच आणि कोणी खाली बसायचे यावरून वाद झाला, पुढे प्रकरण हातघाईवर आले आणि पोलिसांना मध्ये पडावे लागले. मुले हसत होती. मला हसू आले नाही, कारण आमच्या ग्रामसभेत मी हेच पाहिले होते. प्रश्न श्रद्धेचा म्हणून मांडायचा आणि भांडायचे मात्र मानासाठी, अशी ही रीत आहे. श्रद्धेवर बोलणे झाले, तर निदान समोरचा काय मानतो हे तरी कळते. मानाच्या भांडणात तेही कळत नाही, आणि माघार घेणे म्हणजे नाक कापले जाणे, असे दोघांनाही वाटू लागते.

ज्यांच्या समाधीला आम्ही निघालो होतो, त्या निवृत्तिनाथांनी हे सारे लहानपणी सोसले. वडील विठ्ठलपंत संन्यास सोडून गुरूच्या आज्ञेने संसारात परतले म्हणून आळंदीच्या धर्ममार्तंडांनी कुटुंबाला वाळीत टाकले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले, आणि आईवडिलांनी प्राण दिल्यावरही चार पोरक्या भावंडांना शुद्धिपत्रासाठी पैठणला जावे लागले, असे परंपरा सांगते. शास्त्राचा अर्थ आपल्याला कळला आहे, याची त्या पंडितांना पूर्ण खात्री होती. ती खात्री चार मुलांच्या तोंडच्या घासापेक्षा मोठी ठरली, याचा मला आजही राग येतो. याच निवृत्तिनाथांना ब्रह्मगिरीच्या गुहेत गहिनीनाथांकडून नाथपंथाची दीक्षा मिळाली. तो पंथ शैव. आणि त्यांनी तो बोध ज्ञानदेवांना दिला, ज्यांच्या नावाने विठ्ठलभक्तांचा एवढा मोठा संप्रदाय आज चालतो. आमच्यातले कितीतरी वारकरी एकादशीबरोबर सोमवारही धरतात, तो याच वारशाने.

शेवटच्या मुक्कामाला एका शाळेच्या पटांगणात हरिपाठ झाला. थंडी एवढी होती, की मृदंगाची शाई ताणून बसल्यासारखा आवाज येत होता आणि विणेकरी मधूनमधून बोटे शेकून घेत होते. हरिपाठानंतर रिवाजाप्रमाणे सगळे एकमेकांच्या पाया पडू लागले. वारीत यात वय, जात, पैसा पाहत नाहीत. सत्तरीतला माणूस शाळकरी पोराच्या पायाला हात लावतो आणि पोर पुन्हा त्याच्या. गावच्या दोन सप्ताहांचे दोन पुढारी त्या ओळीत अचानक समोरासमोर आले. एकाने वाकून पायाला हात लावला. दुसराही वाकला, पण मान फिरवून, आणि लगेच पुढे सरकला. आजूबाजूच्या बायाबापड्यांनी ते पाहिले. पायाला हात लागला म्हणून मनातले गेले, असे मानण्याइतका मी भाबडा नाही. तरीही दोन सप्ताह झाल्यापासून ते दोघे एकमेकांच्या इतके जवळ आले नव्हते, हेही तितकेच खरे.

दुसऱ्या दिवशी समाधीचे दर्शन घेऊन आम्ही त्र्यंबकेश्वराच्या रांगेत लागलो. इथल्या ज्योतिर्लिंगात वर आलेली पिंडी नाही. खोलगट जागेत अंगठ्याएवढी तीन लिंगे आहेत आणि ती ब्रह्मा, विष्णू, महेश यांची मानतात. पहिल्या स्नानासाठी ज्यांनी शस्त्रे उचलली, त्या दोन्ही पंथांची दैवते इथे एका ओंजळीएवढ्या जागेत पूजली जातात.

रांगेतच ताईंनी आमच्या विणेकऱ्यांकडे विषय काढला. येत्या सप्ताहात मांडव दोन राहिले तरी चालतील. पण काल्याचे कीर्तन एकच व्हावे, ते देवीच्या पारावर व्हावे आणि पत्रिकेवर कोणाचेच नाव छापू नये, अशी त्यांची सूचना होती. भाऊ तयार आहे, असेही त्या म्हणाल्या; तो फोनवर बोलला होता. विणेकऱ्यांनी होकार दिला. आदल्या रात्री वाकून पाया पडलेल्या पुढाऱ्याने नावाची अट लगेच मान्य केली. दुसऱ्याने गावी गेल्यावर सांगतो, एवढेच उत्तर दिले आहे. त्याच्या घरी जायचे काम माझ्याकडे आले असून येत्या सोमवारी ताईंच्या भावाला बरोबर घेऊन मी जाणार आहे.