सेंद्रिय अन्न : पैसे कशावर मोजावेत आणि कशावर नाही

लातूरमध्ये गेल्या काही वर्षांत 'सेंद्रिय' अशी पाटी लावलेली दुकाने वाढली आहेत आणि त्यांत सर्वांत पुढे मांडलेली वस्तू बहुधा ज्वारी असते. मला याची थोडी गंमत वाटते. मराठवाड्याच्या काळ्या, खोल जमिनीत परतीच्या पावसाच्या ओलीवर येणारी कोरडवाहू रब्बी ज्वारी, विशेषतः मालदांडी, ही पिढ्यान्‌पिढ्या फारशा फवारणीशिवायच पिकत आली आहे. पेरताना काणी, म्हणजे कणसात दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग, येऊ नये म्हणून बियाण्याला गंधक चोळायचे, जमल्यास एखादे खताचे पोते टाकायचे आणि पुढे हुरड्यापर्यंत राखणच करायची, अशी तिची रीत. 2018 मध्ये महाराष्ट्रात शिरलेली अमेरिकन लष्करी अळी मक्यावरून ज्वारीवरही येऊ लागल्यापासून काही शिवारांत चित्र बदलले आहे हे खरे, तरीही ज्या पिकावर मुळात औषध कमी पडते त्याच्यासाठी दीडपट भाव मोजण्यापूर्वी ग्राहकाने थोडा विचार करावा. हुलगे, जवस, कोरडवाहू करडई यांचेही तसेच.

खरा प्रश्न भाजीचा आहे, आणि त्यातही वांग्याचा. वांग्यात शेंडे आणि फळे पोखरणारी अळी एकदा फळात शिरली की बाहेरून मारलेले औषध तिच्यापर्यंत पोचत नाही, म्हणून ती शिरण्याआधीच मारण्याच्या धडपडीत शेतकरी तोडणीच्या हंगामातही फवारत राहतो. औषधाच्या बाटलीवरील पत्रकात शेवटची फवारणी आणि काढणी यांत किती दिवसांचे अंतर ठेवावे हे छापलेले असते; पण वांगी दर तीन-चार दिवसांनी तोडावी लागतात, आणि अंतर पाळायचे तर मधली तोडणी जून होऊन फुकट जाते. फुलकोबी आणि पत्ताकोबीची गत फारशी वेगळी नाही. फळ-भाजी स्वच्छ पाण्याने चोळून धुतल्यास पृष्ठभागावरचा अंश बराच कमी होतो, मात्र आंतरप्रवाही औषध झाडाच्या रसातून पेशींत उतरलेले असल्याने ते धुऊन जात नाही. म्हणून माझे मत असे आहे की, घरखर्चात सेंद्रियसाठी मोजकेच पैसे बाजूला काढता येत असतील तर ते आधी वांगी, कोबी, मिरची, पालेभाज्या आणि द्राक्षांवर खर्च करावेत, नंतर डाळींवर, आणि ज्वारीवर सर्वांत शेवटी.

सेंद्रिय अन्नात जीवनसत्त्वे जास्त असतात, ते खाल्ल्याने अमुक रोग बरे होतात, असे दावे दुकानांत सर्रास ऐकू येतात. संशोधन इतके सरळ नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2012 मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा पोषणमूल्यांत ठळक फरक आढळला नाही, कीटकनाशकांचे अंश सापडण्याचे प्रमाण मात्र सेंद्रिय मालात कमी आढळले. 2014 मध्ये न्यूकॅसल विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या दुसऱ्या आढाव्यात सेंद्रिय पिकांत काही अँटिऑक्सिडंट द्रव्ये अधिक आणि कॅडमियम कमी असल्याचे दिसले. दोन्हींत समान उरते ते एवढेच की औषधाचा अंश कमी असतो, आणि घरात लहान मुले असतील तर तेवढे कारण मला पुरेसे वाटते. सेंद्रिय साखर ही शेवटी साखरच असते, आणि सेंद्रिय मैद्याची बिस्किटे खाऊन कोणाचे वजन उतरत नाही. अर्धवट कुजलेले शेणखत घातलेल्या वाफ्यातील कोथिंबीर न धुता खाल्ली तर पोट बिघडायचे ते बिघडतेच.

या सगळ्या चर्चेत ज्याचा लाभ सर्वांत स्पष्ट आहे त्याचे नाव क्वचितच निघते. पाठीवर पंप बांधून, तोंडाला फार तर उपरणे गुंडाळून, वाऱ्याची दिशा बदलली तरी तासन्‌तास फवारणाऱ्या माणसाच्या अंगात जेवढे औषध जाते, तेवढे खाणाऱ्याच्या ताटात कधीच येत नाही.

असे असताना शेतकरी सेंद्रियकडे सहजी का वळत नाहीत, याचे उत्तर शिवारात गेले की मिळते. निलंगा तालुक्यातील ज्या कुटुंबाकडून आम्ही तूर घेतो, त्यांची पहिली अडचण शेणाची आहे. नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांच्या पद्धतीचे जीवामृत, म्हणजे जमिनीला द्यायचे आंबवलेले द्रावण, करायचे तर 200 लिटर पाण्याला 10 किलो शेण, 5 ते 10 लिटर गोमूत्र, 2 किलो गूळ, 2 किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती लागते. हे एका गाईवर भागते. पण जमिनीचा कस टिकवायला एकरी काही गाड्या शेणखतही लागते, आणि ज्या भागाने वारंवार चारा छावण्या पाहिल्या, 2016 मध्ये ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, तेथे दुष्काळात विकलेली जनावरे पुन्हा दावणीला आलेली नाहीत. दुसरी अडचण खुरपणीची. तणनाशक मारायचे नाही म्हटले की बाया लावाव्या लागतात, आणि खरिपाच्या ऐन दिवसांत सगळ्यांच्याच रानात एकदम तण माजलेले असते. 'ताई, सोयाबीनवाल्यानं रोज वाढवून दिला की आमच्या रानात कोण येतंय?' असे त्या घरच्या काकू म्हणाल्या होत्या, आणि त्यावर मला काही बोलता आले नाही.

तुरीवर फुलोऱ्यात घाटे अळी येते. त्यासाठी ते पाच टक्के निंबोळी अर्क वापरतात, म्हणजे पाच किलो निंबोळ्या कुटून रात्रभर भिजवायच्या, फडक्याने गाळायच्या आणि शंभर लिटर पाणी करायचे. शिवाय तुरीच्या बियाण्यात थोडी ज्वारी मिसळून पेरतात, म्हणजे कणसावर पाखरे येतात आणि अळ्याही टिपतात. अर्कासाठी निंबोळ्या पावसाच्या तोंडावर वेचून, वाळवून ठेवाव्या लागतात. बाटली विकत आणून पंपात ओतणे यापेक्षा कितीतरी सोपे आहे, हे मान्य केल्याशिवाय सेंद्रियच्या चढ्या भावावर बोलू नये. एवढे करूनही शेजारच्या शेतातली फवारणी वाऱ्यावर उडून बांध ओलांडते.

प्रमाणपत्राचा मार्ग दोन प्रकारचा आहे. 2001 पासून चालू असलेल्या राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमात त्रयस्थ संस्था तपासणी करते, तर पीजीएस या सहभागी पद्धतीत शेतकऱ्यांचे गट एकमेकांची शेते तपासून हमी देतात. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2017 च्या नियमांनुसार 'सेंद्रिय' म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकिटावर यांपैकी एखादे प्रमाणन हवे, आणि 'जैविक भारत' हे चिन्ह त्यासाठीच आहे. थेट ग्राहकाला विकणाऱ्या छोट्या उत्पादकाला यातून सूट आहे. 'विषमुक्त' किंवा 'गावरान' अशी पाटी कोणीही लावू शकतो. हंगामी पिकांसाठी रूपांतराचा, म्हणजे रासायनिक शेती सोडून सेंद्रिय प्रमाणपत्र मिळेपर्यंतचा, काळ दोन वर्षांचा धरला जातो, म्हणजे उत्पन्न घटलेले आणि भाव मात्र नेहमीचाच, अशी दोन वर्षे शेतकऱ्याने काढायची असतात. माझ्या दृष्टीने सगळ्या व्यवस्थेतील हा सर्वांत कच्चा दुवा आहे, कारण या काळात त्याच्याकडून माल घ्यायला कोणीच तयार नसते.

स्वयंपाकघरातही थोडी सवय मोडावी लागते. दालमिलमध्ये तेलपाण्याचा हात देऊन चकचकीत केलेली डाळ पाहिलेल्या डोळ्यांना घरगुती तूरडाळ मळकट दिसते, तिच्यात टरफलाचे तुकडे असतात आणि ती शिजायला एखादी शिट्टी जास्त घेते. वरण मात्र दाट होते आणि फोडणीआधीच तुरीचा वास येतो. अख्खी तूर ठेवायची असेल तर ती नीट पाहून घ्यावी. दाण्यावर खसखशीहून बारीक पांढरे ठिपके दिसले तर ती भुंग्याची अंडी असतात, आणि महिन्याभरात त्याच दाण्याला गोल भोक पडते. दुकानी गोदामात यासाठी गॅसच्या गोळ्या ठेवतात. घरी कडक ऊन, लगेच भरडून डाळ करणे आणि डाळीला एरंडेलाचा हात लावणे हेच उपाय. गुळाबाबत उलट फसगत होते. हायड्रोस हे रंग उजळवणारे रसायन घालून गूळ पिवळाधमक करतात हे आता लोकांना ठाऊक झाल्याने काळपट गूळ सरसकट सेंद्रिय म्हणून खपतो, पण काहिलीत रस जास्त कढला तरी गूळ काळा पडतोच, आणि उसाला काय घातले हे ढेपेच्या रंगावरून कळत नाही.

आमच्या ओळखीतील काही घरांनी मिळून आता असे ठरवले आहे की, निलंग्याच्या त्या कुटुंबाची तूर पेरणीपूर्वीच बोलून ठेवायची आणि निम्मे पैसे खुरपणीच्या वेळी द्यायचे, म्हणजे बायांच्या मजुरीसाठी त्यांना सावकाराकडे जावे लागत नाही. तुरीसाठी हे जमते. भाजीसाठी अजून जमलेले नाही, कारण भाजी रोज लागते आणि शेत लांब आहे. फेब्रुवारीनंतर विहिरीचे पाणी आटले की त्यांच्याकडे भाजी नसतेच. त्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे सांडगे, वाळवलेल्या गवारीच्या शेंगा, पिठले आणि शेंगदाण्याची चटणी यांवर भागवले जाते, आणि वांगी हवीच असतील तर ती बाजारातून, कशी पिकवली आहेत हे माहीत असून, आणली जातात.